‘पिंक पँथर’चा येडा फौजदार : पीटर सेलर्स नावाच्या बहुरूप्याची गोष्ट

एक साहेब लॉजवर खोली घ्यायला येतो. काउंटरजवळ एक कुत्रं बसलेलं असतं. साहेब मालकाला विचारतो, तुमचं कुत्रं चावतं का. मालक म्हणतो, नाही. साहेब प्रेमाने हात पुढे करतो आणि कुत्रं कचकन चावतं. साहेब भडकतो, तेव्हा मालक थंडपणे सांगतो की हे कुत्रं माझं नाहीच.

हा जोक कधी गण्याच्या, कधी पाव्हण्याच्या नावाने आपल्या मोबाईलवर फिरत असतो. जगभर तो गाजला १९७६ साली, ‘द पिंक पँथर स्ट्राइक्स अगेन’ या इंग्रजी सिनेमामुळे. त्यातला साहेब म्हणजे फ्रान्सच्या पोलिसातला इन्स्पेक्टर क्लूझो. आणि क्लूझोचं सोंग घेणारा नट होता इंग्लंडचा पीटर सेलर्स.

गुलाबी पँथरचं कार्टून बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलंय. चोरपावलांनी चालल्यासारखी त्याची ती धूनही कानात बसलेली असते. पण ते कार्टून मुळात सिनेमाच्या सुरुवातीला नावं दाखवण्यासाठी काढलं होतं. सिनेमात पँथर नावाचा प्राणी नाहीच. पिंक पँथर हे एका मौल्यवान हिऱ्याचं नाव. त्या हिऱ्यात एक बारीक डाग असतो, तो उडी मारणाऱ्या पँथरसारखा दिसतो, म्हणून हे नाव.

आपल्या गावात सुगीच्या दिवसांत बहुरूपी यायचे. खाकी ड्रेस, डोक्यावर टोपी, हातात वही. एखाद्याच्या दारात उभं राहून तुमच्यावर केस झालीय, चला ठाण्यात, असा दम द्यायचे. घरातला माणूस क्षणभर घाबरायचा आणि बाकीची आळी पोट धरून हसायची. पण बहुरूपी स्वतः कधी हसायचा नाही. तो हसला की सोंग फसलं. पीटर सेलर्सची सगळी कला याच एका गोष्टीवर उभी होती. त्याचा क्लूझो दहा वेळा पडतो, दार समजून कपाटात शिरतो, समोरच्याचा पियानो मोडतो, पण आपण जगातला सगळ्यात हुशार फौजदार आहोत यावरचा त्याचा विश्वास तसूभर कमी होत नाही. पडल्यावर तो कोट झटकतो आणि जणू ठरवूनच पडलो अशा थाटात पुढचा प्रश्न विचारतो.

नावसुद्धा दुसऱ्याचं

पीटरचा जन्म ८ सप्टेंबर १९२५ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथ शहरातला. कागदोपत्री नाव रिचर्ड हेन्री. पण त्याच्याआधी झालेलं बाळ मृत जन्मलं होतं, त्याचं नाव पीटर. आईबापाने तेच नाव याला हाक मारायला वापरलं आणि जन्मभर तेच चिकटलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा माणूस दुसऱ्याच्या नावाने जगला.

घराणं नाटकवाल्यांचं. बाप बिल पियानो वाजवायचा, आई पेग स्टेजवर काम करायची, आजीची तर स्वतःची कंपनी. आपल्या तमाशाच्या फडासारखंच त्यांचं आयुष्य, आज या गावात तर उद्या त्या गावात. पोरगं अगदी तान्हं असतानाच त्याला स्टेजवर नेऊन लोकांना दाखवलं होतं असं सांगतात. आई ज्यू, बाप ख्रिश्चन आणि पोरगं शिकलं कॅथलिक शाळेत. एकुलतं एक लेकरू म्हणून आईने त्याला असं जपलं की पुढे त्याला नाही हा शब्द ऐकायची सवयच राहिली नाही. त्याचा त्रास नंतर बऱ्याच जणांना झाला.

पोरगं थिएटरात झाडू मारण्यापासून सगळं शिकलं. ढोल वाजवण्यात तरबेज झालं. दुसरं महायुद्ध चालू असताना १९४३ मध्ये त्याला हवाई दलात घेतलं. वैमानिक व्हायचं होतं, पण नजर कमी पडली. मग सैनिकांची करमणूक करणाऱ्या पथकात त्याची वर्णी लागली आणि हे पथक घेऊन तो भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश असा फिरला. इथेच त्याने हिंदुस्थानी माणसाचं इंग्रजी बोलणं कानात साठवलं. अंगात खोडी एवढी की बड्या अधिकाऱ्याचा गणवेश आणि खोटी दाढी लावून तो खुशाल अधिकाऱ्यांच्या खाण्याच्या जागी जाऊन बसायचा. पकडला गेला असता तर जेलच होती.

युद्ध संपलं आणि पोटाचा प्रश्न आला. काम मिळेना. १९४८ मध्ये त्याने काय करावं? बीबीसी रेडिओच्या एका निर्मात्याला फोन लावला आणि त्या काळच्या नावाजलेल्या रेडिओ कलाकाराचा हुबेहूब आवाज काढून सांगितलं की पीटर सेलर्स नावाचा एक पोरगा आहे, कमालीचा गुणी आहे, त्याला एकदा बघाच. निर्मात्याला सगळं खरं वाटलं. शेवटी पीटरनेच कबूल केलं की बोलणारा मीच. निर्माता चिडला खरा, पण बोलावलं. आवाजाच्या जोरावर वशिला लावला, तोही स्वतःच स्वतःचा!

नगरला जन्मलेला दोस्त

रेडिओवर त्याला स्पाइक मिलिगन भेटला. हा मिलिगन म्हणजे आपल्या मातीशी नातं असलेला गडी. बाप इंग्रजांच्या फौजेत होता, त्यामुळे स्पाइकचा जन्म १६ एप्रिल १९१८ ला अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला आणि बालपणाची काही वर्षं पुण्यात गेली. मिलिगन, सेलर्स आणि हॅरी सीकोम या तिघांनी १९५१ ते १९६० या काळात ‘द गून शो’ हा रेडिओवरचा कार्यक्रम गाजवला. सुरुवातीला मायकेल बेंटाइन हा चौथाही होता. लिहायचा मुख्यतः मिलिगन आणि सेलर्स एकटाच पाच-सात माणसांचे आवाज काढायचा. मेजर, शाळकरी पोरगं, म्हातारा, लबाड शेठ, सगळे एकाच गळ्यातून. भारतीय माणसांची सोंगंही त्यात असायची.

तिथून सिनेमा. १९५५ चा ‘द लेडीकिलर्स’, मग १९५९ चा ‘आय ॲम ऑल राइट जॅक’. या दुसऱ्या सिनेमात त्याने कारखान्यातला कट्टर युनियन लीडर असा उभा केला की ब्रिटनचं मोठं बक्षीस मिळालं. १९६० मध्ये ‘द मिलियनेअरेस’मध्ये तो भारतीय डॉक्टर झाला, समोर सोफिया लॉरेन. तिच्यावर तो इतका भाळला की घरी बायकोला ते उघड सांगून बसला. पहिला संसार मोडण्यामागे हे एक कारण होतंच.

दुसऱ्याची टाकलेली भूमिका

क्लूझो हे सोंग सेलर्ससाठी लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्सने १९६२ मध्ये ‘द पिंक पँथर’ करायला घेतला तेव्हा हिरो होता डेव्हिड निव्हन, हिरा चोरणारा देखणा चोर. त्याच्या मागावरचा फौजदार करणार होता पीटर उस्तिनोव्ह. ऐन शूटिंगच्या तोंडावर उस्तिनोव्हने काम सोडलं आणि घाईघाईने सेलर्सला बोलावलं. रोमला जाताना त्याच्या डोक्यात काडेपेटीवरचं एक चित्र होतं. इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहून पार करणाऱ्या कॅप्टन वेबचं, झुपकेदार मिशांचं. तीच मिशी, तोच ताठ रुबाब त्याने क्लूझोला दिला. एडवर्ड्सला लहानपणापासून जुन्या मुक्या सिनेमांतल्या धडपडीचं वेड. दोघांची नाळ जुळली आणि शूटिंग करता करता फौजदाराचं काम वाढत गेलं. सिनेमा लागला तेव्हा निव्हन राहिला बाजूला, लोक बोलत होते क्लूझोबद्दल.

अमेरिकेत हा सिनेमा मार्च १९६४ मध्ये लागला आणि तीनच महिन्यांत पुढचा भाग, ‘अ शॉट इन द डार्क’. गंमत म्हणजे तो मुळात पुढचा भाग नव्हताच. एका फ्रेंच नाटकावरून दुसराच सिनेमा ठरला होता, ते जमेना म्हणून एडवर्ड्सला आणलं आणि त्याने त्यात क्लूझो घुसवला. यात हिराही नाही आणि गुलाबी पँथरही नाही. एका बंगल्यात खून होतो, पिस्तूल मोलकरणीच्या हातात सापडतं, सगळा पुरावा तिच्याविरुद्ध. आणि क्लूझो म्हणतो ती निर्दोष आहे, कारण ती त्याला आवडलेली असते! तो तिला सोडतो आणि मागे मुडदे पडत जातात.

चाहत्यांमध्ये या मालिकेचा कोणता भाग सरस यावर वर्षानुवर्षं वाद चालतो, पण बहुतेक जण शेवटी ‘अ शॉट इन द डार्क’पाशीच येतात. ते बरोबरही आहे. मालिकेचा खरा पाया इथे पडला. क्लूझोचा वरिष्ठ ड्रेफस इथेच पहिल्यांदा येतो, हर्बर्ट लोम या नटाने केलेला. हाताखालच्या माणसाच्या येडेपणाने साहेबाचा एक डोळा लवायला लागतो, मग तो स्वतःचाच अंगठा कापून घेतो आणि शेवटी पार कामातून जातो. ऑफिसात काम केलेल्या कुणालाही हा साहेब ओळखीचा वाटेल. घरातला नोकर केटो हाही इथलाच. मालकाची सावधगिरी टिकावी म्हणून त्याने कधीही, कुठूनही हल्ला करायचा, असा हुकूम खुद्द मालकाचाच. मग मालक घरी येतो तेव्हा केटो कुठे दडला असेल याचा नेम नाही. पुढच्या एका भागात तो फ्रीजमधूनसुद्धा उडी मारतो.

पहिल्या ‘द पिंक पँथर’मध्ये क्लूझो पृथ्वीचा गोळा फिरवतो आणि तोऱ्यात त्याला टेकायला जातो, तो प्रसंगही नीट बघण्यासारखा आहे. काही सेकंदांचाच. पण माणसाचा तोरा आणि माणसाची धडपड दोन्ही त्यात येतात.

पडद्यावर हसू आणि सेटवर भांडण. या दुसऱ्याच भागात सेलर्स आणि एडवर्ड्स यांचं इतकं फाटलं की शेवटी चिठ्ठ्यांवर कारभार चालला. दोघांनी ठरवून टाकलं, पुन्हा एकत्र काम नाही.

काळजाचा दगा

१९६४ हे साल सेलर्ससाठी सगळंच घेऊन आलं. जानेवारीत स्टॅनली कुब्रिकचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ लागला. अणुबॉम्बवरच्या त्या सिनेमात सेलर्सने तीन वेगवेगळी माणसं केली, त्यात एक अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. चौथीही करायची होती, पाय दुखावला म्हणून राहिली. फेब्रुवारीत स्वीडनची नटी ब्रिट एकलंडशी लग्न, ओळख होऊन काही दिवसच झाले होते. आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत लागोपाठ हृदयविकाराचे झटके. वय फक्त ३८. हातातला सिनेमा दुसऱ्याला गेला. माणूस वाचला, पण काळीज कायमचं कमजोर झालं.

यानंतर त्याचा देवदेवस्की आणि भविष्यवाल्यांकडचा ओढा वाढतच गेला. ज्योतिष्याला विचारल्याशिवाय तो सिनेमा घ्यायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन टाळत राहिला आणि हात न लावता बरं करतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागला. एवढा पैसा, एवढी बुद्धी आणि लंडन-अमेरिकेतले दवाखाने हाताशी असून ही गत. आपल्याकडे अडाणी म्हणून खेड्यातल्या माणसाला नावं ठेवतात, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

१९६८ मध्ये भांडण विसरून एडवर्ड्सबरोबर ‘द पार्टी’ केला. त्यात तो ऱ्हंडी बक्षी नावाचा भारतीय नट झाला, चुकून मोठ्या लोकांच्या पार्टीला गेलेला. तोंडाला तपकिरी रंग फासून केलेलं हे काम. आज ते बऱ्याच भारतीयांना खुपतं, आणि खुपण्यासारखं आहेच. पण हेही खरं की त्या अख्ख्या बंगल्यात सगळ्यात सज्जन माणूस बक्षीच असतो. याच सुमाराला सत्यजित राय यांच्या ‘द एलियन’मध्ये सेलर्सने मारवाडी व्यापारी करायचं चाललं होतं. तो सिनेमा झालाच नाही.

त्याच वर्षी निर्मात्यांनी सेलर्स आणि एडवर्ड्स दोघांनाही वगळून ‘इन्स्पेक्टर क्लूझो’ काढला. ॲलन आर्किन हा गुणी नट घेतला होता. लोकांनी पाठ फिरवली. टोपी आणि कोट तेवढा क्लूझोचा, आत माणूस वेगळा. चाहते आजही त्या भागाला मोजत नाहीत.

पुन्हा तोच फौजदार

सत्तरच्या दशकाची सुरुवात सेलर्सला फार वाईट गेली. सिनेमे पडत होते, काही तर धड लागलेही नाहीत. गाड्या आणि कॅमेऱ्यांचा नाद मात्र सुटला नव्हता. दुसरं लग्न मोडलं, तिसरंही मोडलं. एडवर्ड्सचंही फारसं बरं चाललं नव्हतं. दोन अडलेले गडी पुन्हा एकत्र आले आणि १९७५ मध्ये ‘द रिटर्न ऑफ द पिंक पँथर’ लागला. सुरुवातीलाच बँक लुटली जातेय आणि क्लूझो रस्त्यावरच्या भिकाऱ्याशी माकडाच्या लायसनवरून हुज्जत घालतोय. जगभर लोकांनी गर्दी केली. त्याच १९७५ मध्ये आपल्याकडे दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ आला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण वर्दीतल्या बावळटाला हसायची भूक सगळीकडे सारखीच होती.

लगेच पुढच्या वर्षी ‘स्ट्राइक्स अगेन’. चाहत्यांत दोन तट पडतात ते या भागावर. यात ड्रेफस वेड्यांच्या इस्पितळातून सुटतो, जगाचा नाश करणारं यंत्र मिळवतो आणि धमकी देतो की क्लूझोला मारा, नाहीतर तुमची खैर नाही. देशोदेशीचे मारेकरी क्लूझोच्या मागे लागतात आणि जर्मनीच्या जत्रेत तो नुसता वाकतो, वळतो, आणि ते एकमेकांनाच मारून मोकळे होतात. काहींच्या मते हा सगळ्यात हसवणारा भाग. काहींना वाटतं की जगबुडीच्या यंत्राने गोष्ट फार ताणली, पहिल्या दोन भागांतली साधी फजितीच बरी होती. दोन्ही म्हणणी पटण्यासारखी आहेत. पण कुत्र्याचा प्रसंग यातलाच, आणि जिन्यावरून कोसळणारी कसरतही यातलीच, त्यामुळे पारडं जरा या बाजूला झुकतं.

बघणाऱ्याला कळत नाही, पण यात पडणारा माणूस बऱ्याचदा सेलर्स नाहीच. त्याचं काळीज आता धडपड सोसत नव्हतं, म्हणून उड्या डुप्लिकेटने मारल्या. सेटवर त्याचा लहरीपणाही वाढला होता. एडवर्ड्स पुढे एक किस्सा सांगायचे. एक प्रसंग जमेना. मध्यरात्री सेलर्सचा फोन आला की देवाने मला हा प्रसंग कसा करायचा ते सांगितलंय. दुसऱ्या दिवशी त्याने तसं करून दाखवलं, आणि ते पार फसलं. एडवर्ड्सनी त्याला सुचवलं की पुढच्या वेळी देवाला सिनेमाच्या धंद्यापासून लांबच राहायला सांग.

१९७७ मध्ये पुन्हा झटका आला, छातीत पेसमेकर बसला. तरी १९७८ मध्ये ‘रिव्हेंज ऑफ द पिंक पँथर’ झालाच. क्लूझो मेला असं सगळ्यांना वाटतं आणि त्याच्या अंत्यविधीला भाषण करायची वेळ ड्रेफसवर येते. त्याला हसू आवरत नाही आणि लोकांना वाटतं साहेब हुंदके देतायत. हा भाग आधीच्यांपेक्षा सैल आहे, पण तेवढ्या एका प्रसंगासाठी बघावा.

माळी

सेलर्सला स्वतःला हा फौजदार नकोसा झाला होता. त्याचा जीव अडकला होता एका कादंबरीत, ‘बीइंग देअर’. १९७१ मध्ये ती आली तेव्हापासून तो लेखकाच्या मागे होता. कादंबरीतल्या माळ्याच्या नावाने त्याने लेखकाला तार केली, मी मोकळा आहे, बागेत किंवा बागेबाहेर कधीही भेटा, अशा अर्थाची, खाली फोन नंबर. आठ वर्षांनी, १९७९ मध्ये सिनेमा झाला. चान्स नावाचा साधाभोळा माळी, जन्मभर एका घराच्या आवारात राहिलेला. मुळं शाबूत असतील तर झाड पुन्हा फुटेल, असं तो बागेबद्दल बोलतो आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला वाटतं की हा देशाच्या अर्थकारणावर बोलतोय. शेतीवाल्या माणसाने हा सिनेमा जरूर बघावा.

इथे धडपड नाही, मिशी नाही, आवाजाची कसरत नाही. सेलर्स सांगायचा की सोंगं काढून घेतली तर माझ्या खाली कुणीच नाही. त्या रिकाम्या माणसाचं काम त्याने इतकं चोख केलं की ऑस्करसाठी नाव गेलं. बक्षीस मिळालं डस्टिन हॉफमनला. सिनेमाच्या शेवटी नावं सरकताना सेलर्स हसून हसून चुकतो असे फसलेले तुकडे दाखवले होते. त्यावर तो फार चिडला. त्याचं म्हणणं, सोंग तिथेच मोडलं आणि ऑस्करही तिथेच गेलं.

१९८० च्या जुलैत तो लंडनला आला. ३० जुलैला अमेरिकेत काळजाची तपासणी ठरली होती. २२ तारखेच्या रात्री मिलिगन आणि सीकोम या जुन्या दोस्तांबरोबर जेवण ठरलं होतं. दुपारी हॉटेलच्या खोलीत जेवण झालं आणि तो कोसळला. २४ जुलै १९८० च्या मध्यरात्रीनंतर लगेच गेला. वय ५४. अंत्यविधीला त्याच्या इच्छेप्रमाणे ‘इन द मूड’ ही नाचाची धून वाजली. ती धून त्याला आयुष्यभर अजिबात आवडायची नाही. दोस्तांना बरोबर कळलं.

इस्टेटीतून तिन्ही पोरांच्या हाती नावापुरतं काही आलं. बरंचसं गेलं चौथ्या बायकोकडे, लिन फ्रेडरिककडे.

एडवर्ड्सने १९८२ मध्ये ‘ट्रेल ऑफ द पिंक पँथर’ काढला. जुन्या भागांत न वापरलेल्या, कापून ठेवलेल्या रिळांतून मेलेल्या नटाचा सिनेमा जोडला. फसलेले तुकडे दाखवले म्हणून जो माणूस चिडला होता, त्याच्याच टाकलेल्या तुकड्यांवर. लिन कोर्टात गेली आणि दहा लाख डॉलरहून जास्त भरपाई घेऊन आली. चाहत्यांनी तर कोर्टाच्या आधीच निकाल दिला होता. नंतर १९८३, १९९३, मग २००६ आणि २००९ मध्ये दुसऱ्या नटांना घेऊन भाग निघाले. त्यांत स्टीव्ह मार्टिनचे दोन थोडेफार चालले.

पहिल्यांदाच बघणाऱ्याने सुरुवात ‘अ शॉट इन द डार्क’पासून करावी, मग ‘रिटर्न’, मग ‘स्ट्राइक्स अगेन’. इंग्रजी सगळं कळलं नाही तरी अडत नाही. क्लूझोचं इंग्रजी त्या सिनेमातल्या माणसांनाही कळत नाही.